वास्तूचे हस्तांतर : एका ज्यू समाजमंदिराची कलाशाळा कशी झाली



स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, ते या शाळेत चित्रकला शिकवीत. वास्तुचित्राच्या तासाला ते मुलांना शिखरापासून किंवा कमानीपासून सुरुवात करू देत नसत. आधी दार काढायला लावीत. माणूस वास्तूत दारातून शिरतो, तेव्हा चित्रानेही दारातूनच शिरावे, असा त्यांचा आग्रह असे. मी इतिहासाचा विद्यार्थी. चित्रकलेवर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु वास्तू आणि तिचे दार हा विषय इतिहासाचाही आहे. दार कोणी बांधले, ते कोणासाठी उघडले, पुढे किल्ली कोणाच्या हाती गेली, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचे असतात.

आजच्या व्याख्यानासाठी मी एक दूरचे उदाहरण निवडले आहे. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन नावाचे शहर आहे. तेथील चॅपल स्ट्रीटवर ज्यू समाजाने दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःसाठी बांधलेली एक आधुनिक वास्तू आहे. २००० सालापासून तीत येल विद्यापीठाची कलाशाळा भरते. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील मराठी श्रोत्यांपुढे ही कथा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. तूर्त एवढेच म्हणतो की, जो समाज संख्येने लहान आहे, ज्याने पदरमोड करून वास्तू उभारली आणि ज्याची मुले हळूहळू दुसरीकडे निघून गेली, त्याच्या वास्तूचे पुढे काय होते, हा प्रश्न आपणांस अगदीच परका नाही.

आपल्या दारातील उदाहरण

दूर जाण्यापूर्वी आपण बिदरच्या मदरशाजवळ क्षणभर थांबू. इराणातील गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला महमूद गवान बहमनी राज्याचा वजीर झाला आणि त्याने इ. स. १४७२ च्या सुमारास हे विद्यापीठ पुरे केले. तीन मजली इमारत, मधोमध चौक, चौकाभोवती अध्यापनाची दालने, विद्यार्थ्यांच्या खोल्या, मशीद, ग्रंथालय आणि दर्शनी भागावर रंगीत कौलांचे नाजूक काम अशी तिची रचना होती. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे परंपरा सांगते. गवानाचा शेवट आपण जाणतोच. बनावट पत्राच्या आधारे त्याच्यावर फितुरीचा आळ आला आणि १४८१ मध्ये सुलतानाच्या हुकुमाने त्याचा शिरच्छेद झाला.

मदरसा मात्र त्याच्यामागे उरला. सतराव्या शतकात बिदर मोगलांकडे गेले. त्यानंतर या विद्यामंदिरात घोडेस्वारांचा तळ पडला आणि त्याच्या काही दालनांत दारूगोळा साठविला गेला. १६९६ च्या सुमारास त्या दारूचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मनोरा त्यात नाहीसा झाला. आज आपण तेथे जातो तेव्हा उरलेला एकच मनोरा दिसतो आणि त्यावरील निळ्याहिरव्या कौलांचे तुकडे मोजकेच दिसतात.

या घटनेचे तात्पर्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. काळाने, पावसाने वा भूकंपाने मदरसा पाडला नाही. ज्यांच्या ताब्यात वास्तू गेली त्यांना तिच्या मूळ प्रयोजनाशी काही कर्तव्य नव्हते, म्हणून ती पडली. भिंती जाड होत्या आणि दालने मोठी होती, एवढेच त्यांनी पाहिले. वास्तूचे हस्तांतर इतिहासात अटळ असते. प्रश्न असतो तो हस्तांतर कोणाकडे आणि कोणत्या प्रयोजनाने होते याचा. हा निकष हाती घेऊन आता आपण न्यू हेवनला जाऊ.

न्यू हेवनचा ज्यू समाज

कनेटिकट ही प्यूरिटन पंथीयांची वसाहत. ज्यूंना उघडपणे आपला धर्मसंघ स्थापण्याची कायदेशीर मोकळीक तेथे १८४३ मध्ये मिळाली. न्यू हेवनमधील ‘मिश्कान इस्रायल’ हा संघ त्याआधी, १८४० मध्येच, आकाराला आला होता. हे पहिले ज्यू जर्मन प्रदेशांतून आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन साम्राज्यातील छळाला कंटाळून पूर्व युरोपातील गरीब ज्यू कुटुंबे अमेरिकेत येऊ लागली. त्यांतील अनेकजण न्यू हेवनच्या ओक स्ट्रीट व लीजन अ‍ॅव्हेन्यू या दाट वस्तीत राहिले. शिंपी, खाटीक, भटारी, फेरीवाले, छोटे दुकानदार असा तो समाज होता.

त्याच शहरात येल विद्यापीठ होते आणि आहे. शहराच्या मधोमध ते पसरलेले आहे. परंतु ज्या शहरात ज्यूंची मुले वाढत होती, त्याच शहरातील या विद्यापीठाने १९२० च्या दशकापासून ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर एक अलिखित मर्यादा घातली. लेखी नियम कोठेही नव्हता. पण शेकडा सुमारे दहाच्या पुढे ज्यू मुले जाऊ नयेत, अशी दक्षता प्रवेश देणारे घेत असत. ही प्रथा १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. वास्तूचा पुढील इतिहास समजून घेण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटू लागली. आईबाप फेरीवाले असलेली मुले वकील, डॉक्टर, व्यापारी झाली. समाजाच्या हाती पैसा आला आणि आत्मविश्वासही आला. त्या काळी अमेरिकेतील अनेक शहरांत ज्यूंनी समाजकेंद्रे बांधली. आपल्याकडे गावोगावी समाजमंदिरे असतात, तीत देव नसतो. लग्नकार्य, सभा, तालीम, वाचनालय यांसाठी ती वापरली जातात. ज्यूंचे समाजकेंद्र हे त्याच जातीचे. प्रार्थनेसाठी सिनेगॉग निराळे. येथे मुलांनी खेळावे, पोहावे, तरुणांनी नाटके बसवावीत, प्रौढांनी वर्गांना बसावे, वृद्धांनी एकत्र जमावे, हा उद्देश.

न्यू हेवनचे असे केंद्र १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात चॅपल स्ट्रीटवर, ११५६ क्रमांकाच्या जागेवर उभे राहिले. येलच्या अगदी उंबरठ्यावरची ही जागा. विद्यापीठाच्या फाटकातून ज्यांना मोजून आत घेतले जात होते, त्यांनी त्याच रस्त्यावर स्वतःचे दार बांधले आणि ते मोजदाद न करता उघडे ठेवले.

आधुनिक शैली का?

या केंद्राचे वास्तुशिल्पी वाइनस्टीन आणि अब्रामोविट्झ हे स्थानिक होते. सल्लागार म्हणून त्यांच्याबरोबर लुई कान होते. पुढे कान यांची गणना विसाव्या शतकातील थोर वास्तुशिल्पींत झाली. त्यामुळे ही वास्तू आज पुष्कळदा त्यांचीच म्हणून सांगितली जाते. इतिहासात असे नेहमीच घडते. मोठे नाव जवळपास असले की ते लहान कामालाही चिकटते, आणि ज्यांनी प्रत्यक्ष नकाशे काढले, ठेकेदारांशी हुज्जत घातली, त्यांची नावे मागे पडतात. म्हणून ती दोन नावे मी मुद्दाम आधी घेतली.

कान यांची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. १९०१ साली तत्कालीन रशियन साम्राज्यात, आजच्या एस्टोनियात, एका गरीब ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी निखाऱ्याने चेहरा भाजला. ते व्रण जन्मभर राहिले. कुटुंब १९०६ मध्ये फिलाडेल्फियाला आले. मुलाचा हात चित्रकलेत चालतो हे तेथील शिक्षकांनी ओळखले आणि त्याला सार्वजनिक कलाशाळेत विनामूल्य शिकायला मिळाले. मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून तो घरखर्चाला हातभार लावी. एका चित्रकलेच्या शिक्षकाने गरीब मुलाकडे लक्ष दिल्यामुळे जगाला एक वास्तुशिल्पी मिळाला, ही गोष्ट आजच्या प्रसंगी सांगणे उचित आहे.

१९४७ पासून कान येलमध्ये अध्यापन करीत होते. त्याच चॅपल स्ट्रीटवर येलचे कलासंग्रहालय त्यांनी उभारले. ते १९५३ मध्ये पुरे झाले. त्रिकोणी खाचांचे काँक्रीटचे छत आणि अखंड मोकळी दालने ही त्याची ख्याती. त्यांना स्वतःचा मार्ग सापडला तो मात्र पुढे, न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळच्या एका लहानशा स्नानगृहाच्या कामात, १९५५ मध्ये. तेही ज्यू समाजकेंद्राचेच काम होते. त्या स्नानगृहानंतर आपणच आपल्याला सापडलो, असे ते म्हणत.

आता शैलीविषयी. ज्यूंना स्वतःची अशी एक वास्तुशैली इतिहासाने दिली नाही. ज्या देशात ते राहिले त्या देशाची शैली त्यांनी उसनी घेतली. कोठे मूरिश कमानी, कोठे रोमन धर्तीचे घुमट, कोठे गॉथिक मनोरे. न्यू हेवनमधील मिश्कान इस्रायलचे १८९७ मधील सिनेगॉग असेच दोन मनोऱ्यांचे आणि उसन्या अलंकाराचे होते. युद्धानंतरची पिढी असे उसने वस्त्र पांघरावयास तयार नव्हती. आधुनिक शैलीचा भूतकाळ कोणत्याही राजाचा, पंथाचा वा वंशाचा नव्हता. काच, पोलाद, वीट, साधी भिंत आणि मोकळा प्रकाश यांवर कोणाचाच वारसाहक्क नव्हता. जे कोणाचेच नाही ते सर्वांचे होऊ शकते, हा तिचा गुण ज्यू समाजाला भावला असल्यास नवल नाही. वास्तूचे पुढील भवितव्यही याच गुणाने ठरविले, असे मला वाटते.

समाज निघून जातो

वास्तू उभी राहिली त्याच सुमारास तिच्यात येणारी माणसे शहर सोडू लागली. याची दोन कारणे होती. पहिले, समृद्धी. मोटार आली, उपनगरात अंगण असलेले घर घेता आले. दुसरे कारण शहराच्या पुनर्रचनेचे. १९५४ मध्ये रिचर्ड ली न्यू हेवनचे महापौर झाले. त्यांच्या कारकिर्दीत जुन्या वस्त्या पाडून शहर नवे करण्याची प्रचंड मोहीम निघाली. ओक स्ट्रीटची दाट वस्ती महामार्गासाठी सपाट करण्यात आली आणि १९५९ मध्ये तो रस्ता खुला झाला. शेकडो घरे, शेकडो दुकाने गेली. ज्यूंबरोबर इटालियन आणि कृष्णवर्णीय कुटुंबेही विस्थापित झाली. ज्यांच्यापाशी पैसा होता ते उपनगरांत गेले. ज्यांच्यापाशी नव्हता ते शहरातच दुसऱ्या पडक्या वस्तीत गेले.

मिश्कान इस्रायल संघ १९६० च्या सुमारास हॅम्डन या शेजारच्या गावी गेला. त्याचे १८९७ चे सिनेगॉग रिकामे झाले. पुढे त्यात शालेय वयाच्या मुलांसाठी कलाशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. संगीत, नृत्य, नाट्य आणि चित्रकला तेथे शिकविली जाते. म्हणजे एकाच शहरात ज्यू समाजाच्या दोन वास्तू, एक प्रार्थनेची आणि एक समाजकार्याची, कलाशिक्षणाकडे गेल्या. हा योगायोग असेल. पण ज्या समाजाने शिक्षणाला प्रार्थनेच्या बरोबरीचे स्थान दिले, त्याच्या वास्तू शाळांना साजून दिसतात, हेही खरे आहे.

समाजकेंद्र मात्र चॅपल स्ट्रीटवर आणखी तीन दशके टिकले. मुले मोटारीतून यावयाची आणि संध्याकाळी उपनगरात परतावयाची. अखेरीस १९९० च्या दशकात केंद्र वुडब्रिज येथे गेले; जेथे माणसे होती तेथे संस्था गेली. यात कोणाचा दोष नाही. संस्था माणसांसाठी असते, विटांसाठी नसते. चॅपल स्ट्रीटवरील वास्तू तेवढी मागे राहिली.

कलाशाळा आत येते

आता दुसऱ्या बाजूने पाहू. येलची कलाशाळा १८६९ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत विद्यापीठाशी जोडलेली ती पहिली कलाशाळा मानली जाते. तिची एक गोष्ट विशेष आहे. पदवीपूर्व येल महाविद्यालयाने मुलींना १९६९ मध्ये प्रवेश दिला. कलाशाळेने पहिल्या दिवसापासून, म्हणजे शंभर वर्षे आधी, तो दिला होता. मोठ्या वाड्याचे सदर दार बंद असताना परसदार उघडे असावे, तसे कलाशिक्षणाचे हे दार होते.

१९५० मध्ये योझेफ आल्बर्स येथे आले. जर्मनीतील ‘बाउहाउस’ या विख्यात कलाशाळेत ते शिकविणारे. नाझींच्या दडपणाखाली ती संस्था १९३३ मध्ये बंद पडली. आल्बर्स यांच्या पत्नी आनी या ज्यू कुळातील, स्वतः थोर विणकर कलावंत. उभयतांनी त्याच वर्षी देश सोडला. येलमध्ये आल्बर्स यांनी १९५८ पर्यंत रंग आणि आकार शिकविण्याची नवी पद्धत रुजविली. अर्थात ज्या वर्षांत ज्यू समाजकेंद्र चॅपल स्ट्रीटवर उभे राहात होते, त्याच वर्षांत तेथून हाकेच्या अंतरावर निर्वासित कलाशिक्षण नव्या भूमीत मूळ धरीत होते. दोन्ही प्रवाह एका वास्तूत यावयास अर्धे शतक जावे लागले.

१९६३ मध्ये कला आणि वास्तुशास्त्र या दोन्हींसाठी पॉल रुडॉल्फ यांनी एक भव्य काँक्रीटची इमारत बांधली. तिची जगभर चर्चा झाली. परंतु ज्यांच्यासाठी ती बांधली त्या चित्रकारांना तिच्यातील प्रकाश मानवला नाही, आणि शिल्पकारांच्या वाट्याला तळघरातील कमी उंचीची जागा आली. १९६९ मध्ये तिला आग लागली. कलेसाठी खास बांधलेल्या वास्तूत कलावंत अवघडून बसले, ही वास्तुइतिहासातील एक बोधप्रद घटना आहे.

शतकाच्या अखेरीस कलाशाळेसाठी नव्या जागेचा शोध सुरू झाला, तेव्हा ज्यूंचे रिकामे समाजकेंद्र समोर होते. येलने ते घेतले. नूतनीकरणाचे काम वास्तुशिल्पी डेबोरा बर्क यांच्याकडे आले. पुढे २०१६ मध्ये त्या येलच्या वास्तुशास्त्र विभागाच्या अधिष्ठाता झाल्या. २००० साली वास्तू नव्या रूपात उघडली. खेळासाठी आणि सभांसाठी बांधलेल्या वास्तूत आता चित्रकार, छायाचित्रकार आणि आरेखनकार काम करू लागले, आणि प्रायोगिक रंगमंचालाही जागा मिळाली. ज्या वास्तूत खांब कमी, छत उंच आणि दालने मोकळी असतात, ती कोणत्याही सामुदायिक कामाला आपलेसे करते. शेवटी चित्रशाळा म्हणजे तरी काय? अनेकांनी एकत्र येऊन, एकमेकांसमोर आपले कच्चे काम मांडून, ते सुधारीत राहण्याची जागा. तालमीशी आणि नाटकाच्या सरावाशी तिचे नाते जवळचे आहे. प्रयोजनाचे बाह्य रूप बदलले; गाभा टिकला.

मिळाले काय, गमावले काय

येथवरची कथा सुखान्त वाटेल. ती तशी पूर्णतः नाही. कलाशाळेच्या या वास्तूला एका दानशूर माजी विद्यार्थ्याचे नाव देण्यात आले. तिला ग्रीन हॉल म्हणतात. दात्याचा गौरव योग्यच आहे. पण ज्या शेकडो सामान्य कुटुंबांनी पै-पैसा जमवून ही वास्तू उभारली, त्यांचा उल्लेख दारावरच्या नावात नाही. शिवाय मघाशी सांगितलेली गोष्ट आठवा. ज्या विद्यापीठाने या समाजाच्या मुलांना मोजून प्रवेश दिला, त्याच विद्यापीठाच्या मालकीची ती वास्तू झाली. याला इतिहासाचा सूड म्हणावे की समेट, हे ठरविणे कठीण आहे. मर्यादा १९६० च्या दशकात संपली होती आणि त्या समाजाची मुले कलाशाळेत विद्यार्थी आणि अध्यापक म्हणून केव्हाच आली होती, हेही सांगितले पाहिजे. माझ्या मते यात न्याय आहे. पण तो तेव्हाच पुरा होतो जेव्हा आत शिकणाऱ्या मुलाला हे दार मुळात कोणी आणि का बांधले हे ठाऊक असते.

ज्यांच्याकडे वास्तूचे नाव व प्रयोजन दोन्ही टिकले, त्यांची स्थितीही निर्धोक नसते. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था हे लुई कान यांचे आपल्या देशातील श्रेष्ठ काम. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये कान त्या कामावर आले. १७ मार्च १९७४ रोजी, भारतातून परतताना, न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. राहिलेले काम पुढे नेणाऱ्यांत प्रमुख होते अनंत राजे. मुंबईत जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले, फिलाडेल्फियात कान यांच्या हाताखाली राबलेले. अशा या वास्तुसमूहातील अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडून नवी बांधावीत, असा निर्णय संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला. जगभरातून निषेध झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा विषय पुन्हा निघाला. मालक तोच, प्रयोजन तेच, कीर्ती जागतिक, आणि तरीही विटा असुरक्षित. न्यू हेवनच्या दुय्यम वास्तूला मात्र परक्या हाती जाऊन आयुष्य लाभले. वास्तू टिकण्यासाठी मालकीपेक्षा आस्था अधिक लागते, एवढाच याचा अर्थ.

मराठी ज्यूंची शाळा

आणखी एक उदाहरण आपल्याच भाषेतील आहे. कोकणातील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्यातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली. तीत हिब्रूबरोबर मराठी शिकविली जाई. माझगावची सर एली कदुरी शाळा ती हीच. रिबेका रूबेन या विदुषीने १९२२ पासून जवळजवळ तीन दशके तिचे मुख्याध्यापकपद भूषविले.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झाल्यावर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, हे आपण अभिमानाने सांगावे असे आहे. मुंबईतील शाळेचे काय झाले? ती बंद पडली नाही. वर्गात इतर धर्मांची मुले आली. आज तीच बहुसंख्य आहेत. वास्तू विकावी लागली नाही, नाव बदलावे लागले नाही, शाळेची शाळाच राहिली. बदलले ते फक्त बाकांवर बसणारे.

म्हणजे आपल्यासमोर तीन वाटा आहेत. बिदरच्या मदरशाची : वास्तू प्रयोजनाच्या शत्रूकडे गेली आणि नाश पावली. न्यू हेवनची : वास्तू विकली गेली, पण प्रयोजनाच्या आप्ताकडे गेली. माझगावची : वास्तू आपल्याकडेच राहिली आणि दार इतरांसाठी उघडले.

आणि आपण

आता मी उत्तर देण्याचे मान्य केलेल्या प्रश्नाकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखाकडे गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रकडे. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद तत्कालीन म्हैसूर राज्याकडे आले. निजामी अमदानीत उच्च शिक्षण उर्दूतून असताना आणि खाजगी शाळांवर निर्बंध असताना ज्यांनी आपल्या भागात मराठी शाळा काढल्या, त्यांची मुले-नातवंडे आज लातूर, सोलापूर, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे आहेत. आज या सभागृहातही आपण पुष्कळजण गाडीने आलेले आहोत आणि रात्री परतणार आहोत. मराठी तुकड्यांतील मुले कमी होत आहेत, ही चिंता मी या व्यासपीठावर प्रथमच ऐकलेली नाही.

गुलबर्ग्यात १९१६ मध्ये जन्मलेले एस. एम. पंडित चित्रपटांच्या जाहिरातचित्रांनी व पौराणिक चित्रांनी देशभर गाजले. पण त्यासाठी त्यांना मुंबई गाठावी लागली. येथून जाणे हा आपल्या भागाचा जुना रिवाज आहे. जाणाऱ्यांना मी दोष देत नाही; न्यू हेवनच्या ज्यूंनाही दिला नाही. माझे म्हणणे एवढेच की, जाण्यापूर्वी किल्लीचा विचार करावा.

तीन सूचना नम्रपणे करतो. पहिली, शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे, ज्यांत फसली सन मांडलेला आहे आणि शेरे उर्दूत आहेत, ती वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी नीट बांधून, वाचून, उतरवून ठेवावीत. दुसरी, इमारतीसाठी ज्यांनी धान्य, लाकूड, श्रम दिले त्यांची नावे देणगीदारांच्या नावांबरोबर दारावर कोरावीत, आणि ती मराठीत व कन्नडमध्ये दोन्ही भाषांत असावीत. कारण उद्या आत येणारे मूल बहुधा कन्नड वाचणारे असेल आणि त्यालाही ती वाचता आली पाहिजेत. तिसरी, ही वास्तू कधीकाळी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागलीच, तर ती शिकणाऱ्यांच्याच हाती द्यावी. मंगल कार्यालयाचे भाडे अधिक येईल आणि गुदामाचे त्याहून अधिक; पण मदरशात दारू भरणाऱ्यांनाही जागेचा चांगला उपयोग केल्याचेच समाधान होते.

मराठी शाळा मराठी राहावी ही माझीही इच्छा आहे, आणि त्यासाठी जे करता येईल ते केलेच पाहिजे. परंतु इतिहासाचा अभ्यासक इच्छेवर थांबू शकत नाही. येथे उद्या कोणत्या भाषेत धडा चालेल हे आपल्या हाती पूर्णपणे नाही. येथे धडा चालेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. गुरुजी ज्या वर्गात चित्रकला शिकवीत, त्या वर्गाची उत्तरेकडची खिडकी त्यांनी मुद्दाम मोठी करून घेतली होती. तो प्रकाश कोणत्याही भाषेतल्या मुलाच्या कागदावर सारखाच पडेल.